माकड मेलं, आता गावाला काय सांगायचं?

तिलारीकाठ:
नमस्कार मंडळी. मी दोडामार्ग तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यावरून खाली वाद होणार याची खात्री आहे, तो आधी होऊन जाऊ दे.

आमच्या वरच्या वाडीच्या पलीकडे, काजूच्या बागेच्या कडेला एक केलडं, म्हणजे माकड, मरून पडलेलं सापडलं. तासाभरात फोटो सगळ्या ग्रुपवर. दुपारी एक ऑडिओ क्लिप आली. कुणी बाई ‘मोठ्या हॉस्पिटलमधून’ बोलतायत: तुमच्याकडे माकडताप आलाय, ताप असलेल्या माणसाजवळ जाऊ नका, आठ दिवस गुरांचं दूध बंद करा, काजूच्या बीला हात लावू नका. यातलं एकही धड नाही. पण आवाज इतका ठाम की संध्याकाळी डेअरीवर निम्मं गाव दूध परत घेऊन उभं. एका घरात पोराला साधं सर्दी-पडसं होतं, त्या घरचं कुणी दुकानात आलं तर लोक चार हात लांब उभे राहायला लागले.

अधिकृत पत्रक त्यानंतर दोन दिवसांनी. पीडीएफ, तीन पानी. ‘कीटकजन्य आजाराच्या अनुषंगाने सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात. फोन नंबर तिसऱ्या पानावर, तोही लँडलाइन.

आता ग्रामपंचायतीने आम्हा दोघातिघांना सांगितलंय, वाडीवाडीत सांगायला मजकूर तयार करा. एक देवळाच्या स्पीकरवर वाचायला, एक ग्रुपवर टाकायला. आरोग्य केंद्रातले डॉक्टर तपासून देणार आहेत. २०१६-१७ ची साथ ज्यांनी दोडामार्ग, बांद्याकडे बघितलीय त्यांनी कृपया लिहा.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. विषाणू गोचिडीतून पसरतो. माकडाला होतो, ते मरतं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला चिकटतात. २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात पाळी गावात आला, २०१६ ला आमच्या तालुक्यात, २०१७ ला बांदा परिसरात.

शंकासुर:
पहिला सल्ला: काहीच सांगू नका. निकाल आलाय का? माकड तारेला चिकटूनही मरतं. निकालाआधी बोंब मारलीत आणि उद्या ‘निगेटिव्ह’ आला, तर पुढच्या वेळी खरंच साथ आली तरी कोणी ऐकणार नाही. आणि बी गोळा करायचा हंगाम तोंडावर. गावाचं नाव झालं की व्यापारी भाव पाडणार, ते नुकसान कोण भरून देणार?

गुरांचा डॉक्टर:
शंकासुर, माकड विजेने, भांडणात, विषाने, पडून अशा कितीतरी कारणांनी मरतं हे खरं. म्हणूनच नमुना पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातो. पण निकाल यायला दिवस लागतात आणि गोचिडी तेवढे दिवस थांबत नाहीत.

धागाकर्त्याला: तुमच्या मजकुरात पहिली ओळ मेलेल्या माकडाबद्दल हवी, तापाबद्दल नंतर. मेलेलं माकड दिसलं की हात लावायचा नाही, ओढून नाल्यात टाकायचं नाही, स्वतः पुरायचं नाही, कुत्र्याला जवळ जाऊ द्यायचं नाही. लगेच वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला फोन. लगेच का, हेही सांगा: कुजलेल्या माकडाचा नमुना कामाचा राहत नाही. लोकांना वाटतं आपण उगाच कटकट मागे लावून घेतोय. आपण चोवीस तास उशिरा फोन केला तर तपासणीच होऊ शकत नाही, हे कळलं की बहुतेक जण करतात.

शवविच्छेदन झालं की ते जाळतात आणि जिथे पडलं होतं त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत मॅलेथिऑनची भुकटी मारतात. ‘फवारणी’ दिसली की गावात अफवा उठते की साथ आली. त्यामुळे भुकटी मारणारी माणसं यायच्या आधी सांगून ठेवा की हे खबरदारी म्हणून आहे.

बोंडूवाली:
आमच्या वाडयेत माकड मेला तर लोक पयलो फोटो काढतत आणि मगे ग्रुपार टाकतत. फोन करूक कोणाक सुचणा नाय. नंबर कोणाकडे आसा तोच पत्तो नाय. तो नंबर पोस्टाच्या पेटयेवर, रेशन दुकानार, गिरणीत चिकटवा. पीडीएफ कोण उघडता?

आणि एक सांगतंय. पत्रकात लिवतत ‘जंगलात जाणे टाळा’. आम्ही रानात गेल्याशिवाय बी कोण गोळा करतलो? पातेरो कोण हाडतलो? तरवो भाजूचो नाय काय?

तिलारीकाठ:
@बोंडूवाली, नेमकं. पातेऱ्याचं पत्रकात नावही नाही. घाटावरच्या वाचकांना सांगतो: भाताचा तरवा टाकायची जमीन भाजायला, गुरांच्या खाली अंथरायला सुका पाला लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल बायका भारे भारे पातेरा आणतात. गोचिडीची धोक्याची वेळही तीच. आणि ती असते सुक्या पाल्यातच.

आशाताई सावंतवाडी:
मी आशा म्हणून काम करते, २०१७ च्या साथीत होते. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

पहिलं. माणसांना चावणाऱ्या गोचिडी म्हणजे गुराच्या कानात फुगलेल्या दिसतात त्या मोठ्या नव्हेत. ती तिळाएवढी असते, पिल्लू अवस्थेतली. पायावर चढलेली कळत नाही. लोक म्हणतात ‘मला गोचीड चावलीच नाही, मग ताप कसा?’ म्हणून ‘गोचीड चावली असेल तर या’ असं कधीच लिहू नका. ‘रानात, बागेत, पातेऱ्याला गेला होता आणि ताप आला, तर या’ असं लिहा.

दुसरं. ताप एकदम चढतो, कपाळात ठणका, अंग मोडून येतं, डोळे लाल, काहींना उलटी-जुलाब. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त. बहुतेक माणसं दोन आठवड्यांत उठतात. पण काहींचा ताप उतरतो, माणूस बरा झाला म्हणून कामाला लागतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, मग डोकं, मान, चालणं यावर परिणाम दिसतो. हे बोलायला हवं. बरं वाटलं की लोक औषधोपचार सोडतात, परत दाखवायला येत नाहीत. शंभरातले तीन ते पाच दगावतात असं पुस्तकात असतं. तो आकडा स्पीकरवर सांगायचा की नाही यावर आमच्यात भांडणं झाली होती. माझं मत, विचारलं तर खरं सांगायचं, पण तेवढं सांगून थांबायचं नाही, लवकर आलात तर काय करता येतं तेही त्याच श्वासात.

तिसरं. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेऊन लोक दिवस काढतात. रक्तस्रावाची भीती असलेल्या तापात ॲस्पिरिन, ब्रुफेन घ्यायचं नसतं. तापाला पॅरासिटामॉल. ही ओळ मेडिकलवाल्याला हातात नेऊन द्या, सगळ्यात आधी पेशंट त्याच्याकडे जातो.

चौथं, जे मला अजून बोचतं. कागदावर खाली संपर्क म्हणून माझा मोबाइल छापलेला असतो. रात्री बारा वाजता गोव्यातून, मुंबईतून फोन: ‘ताई, आमच्या आईला ताप आहे, गावाला येऊ का?’ मी सांगते पण मला तरी त्या दिवशी नवीन काय माहीत असतं? आम्हाला बातमी ग्रुपवरच कळते, लोकांबरोबरच. घरोघर जाणाऱ्या बाईला सकाळी दहा मिनिटं फोनवर तरी सांगा, काल किती नमुने गेले, किती आले, आज काय सांगायचं. तोंडाला कुलूप लावून आमच्याकडून लोकजागृती करून घेऊ नका.

चाकरमानी परळचा:
ताई, लिहीत राहा. आमच्या घरून रात्री बाराला फोन करणारे आम्हीच.

शंकासुर, ‘नाव झालं की चाकरमानी येणार नाहीत’ ही भीती तुम्ही मंडळी दरवर्षी घालता. मी शिमग्याला येणारच. मला फक्त एवढं कळायला हवं की पोरांना मागच्या डोंगरात करवंदं काढायला न्यायचं की नाही. ते लपवलंत आणि परत मुंबईत येऊन पोराला ताप आला, तर इथल्या डॉक्टरला माकडताप सुचणारही नाही. डेंगी-मलेरियाच्या टेस्ट करत बसतील.

शंकासुर:
हे मात्र मान्य. मुंबईतल्या डॉक्टरला ‘मी सिंधुदुर्गातून आलोय, रानात गेलो होतो’ हे सांगायची सूचना मजकुरात टाका. गावाचं नाव छापा म्हणून नाही.

भातवाला कुडाळ:
न पाळता येणाऱ्या सूचनांवर माझी भर. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) वेळी दर पावसाळ्यात पोस्टर येतं: ‘शेतात गमबूट वापरा.’ ज्यांनी हे लिहिलं त्यांनी लावणीच्या चिखलात गमबूट घालून दोन पावलं टाकून दाखवावीत. बूट चिखलातच राहतो, माणूस पुढे जातो. लोक हसतात, आणि त्याच पोस्टरवर खाली जे खरोखर कामाचं लिहिलेलं असतं तेही हसण्यावारी जातं.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून अंगात शिरतात. शेतकऱ्याला करता येण्यासारखं काय? जखमेवर पट्टी बांधून उतरणं, वर आल्यावर चांगल्या पाण्याने साबण लावून पाय धुणं, आरोग्य केंद्राने दिली तर डॉक्सीसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा घेणं, गरोदर बाई आणि लहान मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर त्याच दिवशी दाखवणं. यातलं प्रत्येक करता येतं. आमच्याकडे गोळ्यांचं वाटप नीट चाललं ते एकाच वर्षी, कृषी सेवा केंद्रात खताच्या रांगेत गोळी हातावर ठेवली तेव्हा. आरोग्य केंद्रात ‘येऊन घेऊन जा’ म्हटलं की लावणीच्या दिवसांत कोण जाणार?

पाहुणा केरळातला:
मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोळिकोडला. मे २०१८ ला निपा विषाणूचा ताप आला तेव्हा इथेच होतो. निपा आणि माकडताप वेगळे, निपा माणसाकडून माणसाला होतो आणि त्यात दगावणारे फार. पण सांगण्याची पद्धत बघण्यासारखी होती. आरोग्यमंत्री शैलजा टीचर स्वतः जिल्ह्यात तळ ठोकून. माहिती नियमित एका ठिकाणाहून यायची. आज किती तपासले, किती आले, किती संपर्कातले घरी आहेत. दुसरा कोणी डॉक्टर टीव्हीवर वेगळं बोलत नव्हता. लोकांना कळलं होतं की संध्याकाळी कळेल, त्यामुळे दिवसभर क्लिपा फिरल्या तरी ‘थांब, संध्याकाळी बघू’ म्हणणारे तयार झाले.

आणि एक गोची झाली तीही सांगतो. ज्या घरात पहिले रुग्ण झाले त्यांच्या विहिरीत वटवाघळं होती. ती पकडून तपासली, निगेटिव्ह. लगेच मथळे: वटवाघूळ दोषी नाही! ती वटवाघळं कीटक खाणारी होती, निपा असतो फळं खाणाऱ्यांत. पुढे त्या भागातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत विषाणू सापडला, तोवर लोकांचं लक्ष उडालेलं. अर्धवट निकाल जाहीर करायचा तर ‘हा कशाचा निकाल आहे आणि अजून काय तपासायचंय’ हेही सांगायला लागतं.

बोंडूवाली:
आमच्याकडे महाबळेश्वराच्या वटवाघळांची बातमी इली तेव्हा आमच्या चिकवाच्या झाडार फटाके लावूक निघालेले.

गुरांचा डॉक्टर:
हो, २०२१ ची बातमी. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाची प्रतिपिंडं मिळाली होती. वटवाघळांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता एवढाच त्याचा अर्थ, माणसात रुग्ण एकही नव्हता. फटाके लावून वटवाघळं उठवली तर ती भेदरून दहा गावांत पसरतात.

माकडांचंही तेच. २०१६ नंतर काही जण म्हणायला लागले, सगळी माकडं मारून टाका, पिकाचीही पीडा जाईल. माकडांनी नारळ-केळीची केलेली नासाडी मला माहीत आहे, राग मी समजू शकतो. पण माकड मेलं की गोचीड रक्तासाठी दुसरं अंग शोधते. विष घालून कळप मारलात तर त्या गोचिडी तुमच्या आणि गुरांच्या वाट्याला. मजकुरात एक ओळ: माकडांना मारू नका, हुसकावून दुसऱ्या वाडीत पाठवू नका.

उरणकर:
विषय माकडाचा आहे पण कोंबड्यांचं राहू नये. जानेवारी २०२५ ला आमच्याकडे चिरनेरला बर्ड फ्लू आला. जिथे सापडला त्याच्या १ किलोमीटरमधल्या कोंबड्या मारायच्या, १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची असा नियम. घराघरातल्या चार-दहा कोंबड्या. माणसं आधी काय विचारतात? ‘पैसे मिळणार का, कधी मिळणार?’ आणि आपण त्यांना विषाणूचा नंबर सांगतो. भरपाईचं उत्तर तयार नसेल तर लोक कोंबड्या रातोरात पाहुण्यांकडे पोचवतात, म्हणजे रोग आपल्याच हाताने पुढच्या गावी. २०२१ ला दापोलीत कावळे मेलेले सापडले होते तेव्हाही खाणावळी ओस पडल्या, जिथे कोंबडी ७० अंशांच्या वर रटरटत शिजते आणि विषाणू टिकत नाही.

देवगडचा बागायतदार:
माझा मुद्दा कोणीच काढला नाही. बागेत राखणीला असतात ते नेपाळी. कर्नाटकातूनही मजूर येतात. ही माणसं झोपडीत, सुक्या पाल्यावर, बागेतच राहतात. तुमच्या वाडीच्या ग्रुपवर ती नाहीत, देवळाच्या स्पीकरपर्यंत येत नाहीत आणि मराठी त्यांना पुरतं कळत नाही. काजूच्या बागांत तर ही माणसं बी वेचत दिवसभर बसलेली असतात. म्हणजे धोका सगळ्यात जास्त ज्याला, त्याला निरोप शून्य. नेपाळीत आणि कन्नडमध्ये एक-दीड मिनिटाचा आवाज तयार करा, बागायतदाराच्या फोनवरून ऐकवायला. आणि बागायतदाराला सांगा, गोचीड चढू नये म्हणून अंगाला लावायचं तेल त्यांना तुम्हीच द्यायचंय.

शंकासुर:
तेलावरून आठवलं. लस कुठे गेली? आमच्याकडे टोचत होते की.

लॅबवाली:
मी तपासणीच्या कामात आहे, म्हणून उत्तर देते. जुनी लस होती, मेलेल्या विषाणूची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग पुन्हा पुन्हा बूस्टर. एवढं करून संरक्षण पुरेसं मिळत नाही असं दिसत गेलं आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. नवी लस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून तयार करतायत. सध्या तुमच्या मजकुरात ‘लस घ्या’ नको, आणि ‘लस येतेय’ हे आश्वासनही नको.

तपासणीबद्दल एक: तापाच्या पहिल्या आठवड्यातलं रक्त विषाणू शोधायला उपयोगी. नंतर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. म्हणून ‘तीन दिवस वाट बघून या’ असं कोणी लिहिलं असेल तर काढून टाका. रुग्णाचं नाव मात्र कुठेही फुटता कामा नये. आमच्याकडून अहवाल निघतो आणि पेशंटला कळायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर असतो, असं झालंय. पुढचा माणूस मग रक्त द्यायलाच येत नाही.

आशाताई सावंतवाडी:
@लॅबवाली, हे शंभर वेळा सांगून झालंय. बांद्याकडे लोक थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जायचे, एक कारण चांगली सोय, दुसरं तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही.

गावाचं नाव छापायचं की नाही यावर माझं मत: गावाचं सांगा, माणसाचं नको. कुठल्या डोंगराच्या कुठल्या बाजूला माकड पडलं ते सांगितलंत तर शेजारच्या गावातल्या बायका चार दिवस त्या बाजूला पातेऱ्याला जाणार नाहीत. रान दोघांचं एकच आहे. भावाचं म्हणाल, तर आपणच आधी स्वच्छ सांगितलं की काजूच्या बीतून हा ताप होत नाही, तर व्यापाऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

शंकासुर:
व्यापाऱ्याला भाव पाडायला कारण लागत नाही हो ताई. पण ठीक. डोंगराचं नाव लिहा, माझी हरकत मागे.

चाकरमानी परळचा:
दुधाची अफवा कशी मोडायची? २०२२ ला गुरांच्या लंपी रोगाच्या वेळीही आमच्या सोसायटीत दूध बंद केलं होतं लोकांनी. लंपी माणसाला होतच नाही.

गुरांचा डॉक्टर:
अफवा पुन्हा सांगून खोडू नका. ‘दुधातून माकडताप होतो ही अफवा आहे’ असं स्पीकरवर वाचलंत की अर्ध्या लोकांना ‘दुधातून माकडताप’ एवढंच ऐकू जातं. सरळ म्हणा: दूध नेहमीसारखं तापवून प्या. गुरांमुळे गोचिडी वाढतात, म्हणून गुरांच्या अंगावरच्या गोचिडींवर औषध लावून घ्या, दवाखान्यात मिळेल. १९६२ हा पशुवैद्यकीय फोन आहेच.

तिलारीकाठ:
मंडळी, रात्री बसून मसुदा केला. डॉक्टरांना सकाळी दाखवायचा आहे, त्याआधी चिरफाड करा. स्पीकरसाठीचा आहे म्हणून वाक्यं लहान ठेवलीत. गावचे देवस्थानचे मानकरी वाचणार आहेत. ग्रामसेवकांचा आवाज लोकांना फक्त घरपट्टीचा वाटतो, असं तेच म्हणाले.

‘गावकऱ्यांनो, ऐका. आज अमुक तारीख. वरच्या वाडीच्या पलीकडे, धनगरवाटेच्या उजव्या अंगाला एक माकड मेलेलं सापडलं. नमुना पुण्याला पाठवलाय. निकाल अजून आलेला नाही. येईपर्यंत आपण माकडताप धरूनच सांभाळून राहायचं.

त्या बाजूला पातेऱ्याला, लाकडाला जाऊ नका. दुसरीकडे जाताना पूर्ण हाताचे कपडे घाला, पॅंट मोज्यात खोचा, बायकांनी साडीखाली लांब पायजमा घाला. जायच्या आधी हातापायाला, मानेला आरोग्य केंद्रातलं तेल चोळा. पातेऱ्यावर बसू नका, झोपू नका. घरी आलात की अंगणातच कपडे उतरवून गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा, एकमेकांचं अंग बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने धरून सरळ ओढा. रॉकेल, निखारा लावू नका.

रानात, बागेत गेलेल्या कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात या. डॉक्टरांना रानात गेलो होतो असं सांगा. मुंबईला, गोव्याला गेलात तरी तिथल्या डॉक्टरांना हेच सांगा. ताप उतरल्यावर पुन्हा आला तर पुन्हा या.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. आजारी माणसाजवळ बसा, त्याला जेवायला द्या. दूध तापवून प्या. काजू विका.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच फोन करा. नंबर रेशन दुकानावर, गिरणीत आणि शाळेच्या फाटकावर आहे. रोज संध्याकाळी सातला इथेच पुढची बातमी सांगू. नवीन काही नसेल तर नाही म्हणून सांगू.’

बोंडूवाली:
साडीखाली पायजमो? म्हाताऱ्यो घालूच्यो नाय. पायाक मोजे आणि वर घट्ट पट्टी गुंडाळा असा लिवा, ता करतीत. बाकी बरा झाला.

आशाताई सावंतवाडी:
‘आरोग्य केंद्रातलं तेल’ म्हणायच्या आधी केंद्रात तेल आहे का ते फोन करून विचारा. स्पीकरवर सांगितलं आणि लोक गेले आणि संपलेलं असलं, की तुमच्या बाकीच्या सगळ्या ओळी त्याच दिवशी वाया.

लॅबवाली:
‘माकडताप धरूनच’ हे चांगलं आहे. निकाल निगेटिव्ह आला तरी ‘या माकडात नाही’ असं सांगा. हंगाम मेपर्यंत आहे.

देवगडचा बागायतदार:
सातच्या बातमीत मजुरांसाठी दोन वाक्यं हिंदीतून तरी घाला. नेपाळी आवाज मी करून देतो, बागेत एक पोरगा चांगलं वाचतो.

शंकासुर:
धनगरवाटेच्या उजव्या अंगाला म्हणजे खालून चढताना की वरून उतरताना?

तिलारीकाठ:
खालून चढताना. बरोबर पकडलंत, तसं लिहितो. मोज्याचंही बदललं. तेलाचं विचारलं, केंद्रात थोडंच आहे, म्हणून आधी बी वेचणाऱ्यांना आणि पातेऱ्याला जाणाऱ्या घरांना द्यायचं, तशी ओळ डॉक्टरांनीच घालून दिली. ॲस्पिरिन-ब्रुफेनचा कागद मेडिकलवाल्याने काउंटरवर लावलाय. उद्या सातला पहिलं वाचन. @देवगडचा बागायतदार, नेपाळी आवाज दुपारपर्यंत पाठवाल का? कन्नडसाठी अजून कोणी मिळालेलं नाही, इथे कोणाला येत असेल तर सांगा.